लाल ओळ पिवळी झाली तेव्हा

मी चौथी शिकले. तेवढ्या शिक्षणावर बारा वर्षं कॉम्प्युटरच्या कामात होते, असं सांगितलं की आमच्या मोरिवलीतल्या बायका हसतात. हसू देत. कॉम्प्युटरला मी कधी बोट लावलं नाही. त्याच्यात ज्या बायका हरवायच्या, त्या शोधून आणायचं काम माझ्याकडे होतं.

कॉम्प्युटरात बाई कशी हरवते ते आधी सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

गरोदर बाई सरकारी दवाखान्यात नाव घालायला आली की तिचं रक्त तपासतात. त्यात एचआयव्हीचीही तपासणी असते. बहुतेक बायका सुटतात. एखादी सापडते. सापडली की तिला रोज एक गोळी, न चुकता, जन्मभर. बाळ झालं की लगेच त्याला पातळ औषध, ते काही आठवडे रोज. मग दीड महिन्याला, सहा महिन्यांना, वर्षाला आणि शेवटी दीड वर्षाला बाळाचं रक्त तपासायचं. हे सगळं वेळेवर झालं तर आईचा आजार बाळाला बहुतेक लागत नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. वेळेवर झालं नाही तर काय होतं, तेही पाहिलंय.

अशी प्रत्येक बाई दवाखान्यातल्या आमच्या समुपदेशक मॅडमच्या कॉम्प्युटरवर एका ओळीत असायची. नाव, वय, पत्ता, बाळंतपणाची तारीख. महिन्याच्या गोळ्या न्यायला आली की ओळ हिरवी. नाही आली की लाल. दुसरीकडे राहायला गेल्याचं कळलं की पिवळी. सोमवारी सकाळी मॅडम लाल ओळी बघायच्या आणि मला चिठ्ठीवर नावं-पत्ते लिहून द्यायच्या. आजाराचं एक अक्षर चिठ्ठीवर नसायचं.

मला हे काम मिळालं ते जीन्समुळे. उल्हासनगरात जीन्स शिवतात, आणि शिवून झाल्यावर लोंबणारे धागे कापायला गठ्ठे घरोघरी जातात. ते गठ्ठे मी पंधरा वर्षं वाटले. शहराचे पाच कॅम्प, त्यातल्या कुठल्या कॅम्पात कुठली गल्ली कुठे फुटते, कुठल्या घरात सून आहे, सासू दुपारी कधी झोपते, सगळं पाठ. दवाखान्याच्या कामाला लागल्यावरही खांद्यावरची पिशवी तीच ठेवली. कोणी दारात विचारलं, कोण हो तुम्ही, की म्हणायचं, धागे कापायचं काम पाहिजे का? कोणाला संशय येत नसे. काम पाहिजे म्हणणाऱ्या बायका मात्र मागे लागायच्या. त्यांना मी खोटं बोलून टाळलं. त्याचं वाईट वाटतं.

या कामात पगार थोडा आणि भीती फार. भीती मारहाणीची नव्हती. एकदोनदा शिव्या खाल्ल्या, त्याचं काही नाही. भीती अशी, की माझ्या तोंडून एक शब्द चुकीच्या माणसापुढे जाईल आणि एखादी पोर घराबाहेर पडेल. अंबरनाथला एक बाई होती, मी दारात दिसले की ती कुकर चढवायची. आत डाळ नाही, तांदूळ नाही, नुसतं पाणी. शिट्टी व्हायला लागली की म्हणायची, “बोला मावशी आता, पटापट.” दोन शिट्ट्यांच्या आवाजात आमचं बोलणं. मला हसू यायचं. तिला कधी आलं नाही.

एकदा माझी वही रिक्षात राहिली. वहीत नावं नव्हती, माझ्याच खुणा होत्या, फुल्या आणि गोल. तरी रिक्षावाला सापडेपर्यंत दोन दिवस मला अन्न गेलं नाही. त्याने वही परत दिली आणि विचारलं, “काय मावशी, आकडा लावता का?” मी हो म्हटलं.

आता ज्या पोरीचं सांगायचं ठरवलंय, तिचं सांगते. तिला मी इथे दोन नावं देणार आहे, दोन्ही माझ्या मनची. दोन का, ते पुढे येईल.

सानिका बावीस वर्षांची, कॅम्प चारमध्ये दिलेली. तिसऱ्या महिन्यात सासूबरोबर नाव घालायला आली आणि तपासणीत सापडली. नवऱ्यालाही निघालं. तो बाहेरगावी साइटवर कामाला. दोघांनी ठरवलं की घरात कोणाला सांगायचं नाही. पोरीने गोळ्या शिकेकाईच्या डब्यात लपवल्या. सासू शिकेकाई लावत नाही, शाम्पूच्या पुड्या आणते, एवढं तिने बघून ठेवलं होतं. हुशार होती. चार महिने तिची ओळ हिरवी.

मग एका सोमवारी लाल झाली. फोन नवऱ्याचा दिलेला, तो बंद. मी चिठ्ठी घेऊन गेले. सासू दारातच तांदूळ निवडत होती.

“सानिका आहे का? धागे कापायला बायका बघतेय.”

“माहेरी गेली. सातव्यात ओटी भरली, तिची आई घेऊन गेली.”

“कधी येईल?”

“आता कशी येईल? आठवा लागलाय. आठव्यात वेस ओलांडतात का? पहिलटकरीण आहे. आता बाळ घेऊनच यायची.” मग तिने सूप खाली ठेवलं. “पण तुम्हाला ती कशाला पाहिजे एवढी? काम करणाऱ्या दुसऱ्या बायका नाहीत का गल्लीत?”

मी विषय तोडला आणि निघाले. माहेर कुठलं, हे विचारलं नाही. विचारलं असतं तर संशय वाढला असता, असं मी मनाला सांगितलं. ते खरंही होतं. दुसरं खरं असं की मला तिचं बोलणं पटलं होतं. माझ्या दोन्ही मुलींना आठव्यात मी उंबऱ्याबाहेर सोडलं नव्हतं. माझ्या आईने मला सोडलं नव्हतं. आठवा महिना म्हटल्यावर पुढे बोलायचं नसतं, हे आमच्या हाडात बसलेलं आहे. पोरीने शेवटच्या नेलेल्या गोळ्या एका महिन्याच्याच, त्या संपत आल्यात, आणि आठव्यात ती बाहेर पडणार नसेल तर पुढच्या गोळ्या कुठून घेणार, हा साधा हिशेब माझ्या डोक्यात आला नाही. आला असेल तर मी बाजूला सारला.

मॅडमना मी सांगितलं, “माहेरी आहे. सुखरूप आहे.” मॅडमनी पत्ता विचारला. मी म्हटलं, काढते. त्यांनी तेवढ्यापुरतं ‘माहेरी’ असं लिहिलं आणि ओळ पिवळी झाली.

लाल ओळ रोज टोचते. वरून फोन येतात, मीटिंगमध्ये विचारतात. पिवळीबद्दल कोणी विचारत नाही. पिवळी म्हणजे ती दुसऱ्या कोणाची तरी झाली. पुढच्या सोमवारी नव्या लाल ओळी आल्या, त्याच्या पुढच्या सोमवारी आणखी. मी पत्ता काढला नाही.

महिना गेला. एक दिवस दुसऱ्याच बाईसाठी मी त्या गल्लीत गेले. सानिकाच्या घराला कुलूप. समोर एक सिंधी आंटी राहते, घरी पापड करून विकते. खाटेवर पापड वाळत घालत होती. मला ओळखायची.

“किसको ढूंढती है? वो तो सुबह सुबह गई बदलापूर. बहू को दर्द चालू हुआ ना.”

“बदलापूरला कुठे, आंटी?”

“सोनिवली. मैं गई थी ना हलदी में. क्या डीजे, क्या मटण! आधी रात तक नाचे वो लोग. बैठ, पापड खा.”

“सानिकाच्या माहेरचं घर सांगा ना, काम होतं.”

“उधर जा के सानिका मत पूछना,” आंटी हसली, “कोई नहीं बताएगा. उधर वो दर्शना है. सानिका तो इसने बनाया, सास ने. शादी में नाम बदली किया, थाली में चावल फैला के लिखा. हमारे में भी करते हैं. मेरा भी मायके का नाम दूसरा है, अब तो मैं भी भूल गई.”

पापड हातात तसाच घेऊन मी गल्लीच्या तोंडाशी आले आणि मॅडमना फोन लावला. म्हटलं, बदलापूरच्या गरोदर बायकांच्या यादीत दर्शना बघा. वय बावीस, नवऱ्याचं नाव हे. मॅडमनी बघितलं.

“मावशी, आहे. सोनिवली. आधारवर तेच नाव आहे. आणि ओळ हिरवी आहे, म्हणजे तिथल्या नोंदी पूर्ण आहेत. एचआयव्ही तपासणीसमोर ‘सासरी झाली’ लिहिलंय.”

म्हणजे एकाच बाईच्या दोन ओळी. इकडे सानिका पिवळी, तिकडे दर्शना हिरवी. दोन्हीकडे कोणालाच काळजी नाही. आणि तिसरीकडे खरी पोर कळा देतेय.

“बाळंतपण बदलापूरच्या सरकारी रुग्णालयात लिहिलंय. औषध तिथे असतं,” मॅडम म्हणाल्या, “पण बाळाला द्यायचंय हे त्यांना ठाऊक असायला पाहिजे ना. मी फोन लावते. कोणी उचलत नाहीये. तुम्ही निघा.”

रिक्षा केली. अंबरनाथला एमआयडीसीच्या टँकरमागे अडकलो. हातातला पापड चुरा झाला होता, तो मी पदरावर तसाच घेऊन बसले होते. बाळ जन्मल्यावर औषधाला जितका उशीर तितका त्याचा उपयोग कमी, हे मी शंभर बायांना पढवलेलं. तेच आता माझ्या कानात वाजत होतं. मला त्या पोरीची दया वगैरे येत नव्हती. मला भीती वाटत होती. बाळाला लागण झाली तर ती माझ्या ‘सुखरूप आहे’ने झाली, हे दुसऱ्या कोणाला कळलं नाही तरी मला कळणार होतं.

रुग्णालयात प्रसूतीच्या खोलीबाहेर बाकावर तीन बायका. पोरीची आई, सासू, आणि तिसरी, गावच्या आरोग्याचं बघणाऱ्या आशाताईच्या साडीत. ती तिसरी माझ्या ओळखीची निघाली. आम्ही एका ट्रेनिंगला शेजारी बसून जेवलो होतो. मी काय काम करते ते तिला पक्कं ठाऊक. ही इथे कामाने आली असेल, असं मला वाटलं. तेवढ्यात पोरीची आई तिला म्हणाली, “काकी ना तू तिची, पोर कशी हाय तू तरी आत जाऊन बघ गो.” म्हणजे गावची आशा ती पोरीची सख्खी काकी.

एका क्षणात सगळं उलगडलं. पोरीने गावात तोंड का उघडलं नाही. काकीने विचारलं असणार, तपासण्या झाल्या? झाल्या. कागद? सासूकडे. काकीने घरचीच पोर म्हणून कागद न बघता ‘झाली’ लिहिलं.

इकडे सासू उठून उभी राहिली. “अहो, ही तर धागेवाली! तू इथे काय करतेस? माझ्या घरापासून इथवर मागे आलीस?”

बारा वर्षांत मी हजार थापा मारल्या, त्या वेळेला एक सुचेना. काकी माझ्याकडे बघत होती. मग माझ्या पिशवीकडे. मग पुन्हा माझ्याकडे.

“मीच बोलावली तिला,” काकी म्हणाली. “बालंतिनीला शेकाला. हात चांगला हाय तिचा. चल गो आत, कनाला उभी रायलीस?”

माझा दंड धरून तिने मला आत ओढलं. दाराआड गेल्यावर दंड सोडला नाही.

“आमच्या पोरीला तो आजार हाय का?”

मी बोलले नाही. नियमाने मला काही बोलायचंच नव्हतं. पण न बोलण्यातून ती समजली.

“मी कागद नाय बघितला,” ती म्हणाली. “घरची पोर. कसा मागू?” मग तिने आत बोट दाखवलं. “बालाला आता घटकाभर झाला. मुलगा हाय.”

मी सिस्टरकडे गेले. सिस्टर कागद पुढे करून म्हणाली, “यात तर तपासणी झाली लिहिलंय.”

“झाली आहे, सिस्टर. काय निघालं ते लिहिलेलं नाही. आमच्या मॅडमना फोन लावा.”

तिने लावला. ऐकता ऐकता तिने दुसऱ्या हाताने औषधाच्या कपाटाची किल्ली काढली. बाळाला पहिला डोस गेला तो माझ्या डोळ्यांसमोर. ओठांवर थोडं सांडलं, सिस्टरने पुन्हा दिलं. नंतर कळलं की पोर गोळ्या पुरवून पुरवून खात होती. आधी एक दिवसाआड, मग दोन दिवसाआड. शेवटचे काही दिवस तर काहीच नाही. म्हणून आमच्या डॉक्टरांनी बाळाला बारा आठवडे औषध सांगितलं.

मी खाटेजवळ गेले. मला बघून पोरीने चेहरा भिंतीकडे केला. मग हळूच म्हणाली, “मावशी, बाहेर काकी आहे?”

“आहे.”

“तिला कळलं?”

“नाही.”

तिने डोळे मिटले. त्या वेळी मला दुसरं उत्तर देता आलं नसतं. पुढे देता आलं असतं.

आशाताईला बाळंतपणानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या दिवशी घरी जाऊन बाळ बघायचं असतं. काकी बारा आठवडे रोज गेली. सगळ्यांना सांगायची, वजन बघते. अशा बाळाला आईच्या दुधाबरोबर वरचं काही गेलं तर धोका वाढतो, म्हणून आजीने बाळगुटी उगाळायला घेतली तर सहाण उचलून ठेवली, “गुटी नाय, मध नाय, नुसता आयचा दूध. सरकारचा नियम हाय.” आजी म्हणाली, “तुझी पोरं गुटीवरच वाढली ना गो?” काकी म्हणाली, “म्हनून अशी निघाली.” औषधाची बाटली पोरीने टॉनिकच्या खोक्यात ठेवली होती. पोर न्हाणीत गेली की काकी खोकं उघडून औषध किती उतरलंय ते बघायची आणि मला फोन करायची. “आज कमी झालाय,” एवढंच बोलायची. एक दिवस म्हणाली, “आज तेवढाच हाय.” मी जेवत्या ताटावरून उठले. अर्ध्या तासाने पुन्हा फोन. “दिला तिनं. आता दिला.”

दीड महिन्याचं रक्त चांगलं आलं. सहा महिन्यांचं, वर्षाचं चांगलं आलं. प्रत्येक वेळी निकाल हातात येईपर्यंत मी मॅडमच्या टेबलाजवळ जात नसे. तोपर्यंत पोर सासरी परतली होती आणि मॅडमनी दोन ओळींची एक केली होती.

दीड वर्षाच्या तपासणीला पोर बाळाला घेऊन एकटी आली, ओढणीने तोंड बांधून. ती आत गेली आणि मी बाहेर आले, तर रिक्षा स्टँडवर एका रिक्षामागे काकी. सोनिवलीहून आलेली. दिवस तिने तिचे तिनेच मोजले होते. पोरीच्या नजरेला पडू नये म्हणून ती उन्हात रिक्षाच्या आड उभी. तासभर तशीच. मी आत जाऊन निकाल ऐकून आले तरी तिथेच. पोर बाळाला कडेवर घेऊन बाहेर पडली, निघून गेली, तेव्हा काकी पुढे आली.

“काय?”

निकाल मला ठाऊक होता आणि तो तिला सांगायचा मला हक्क नव्हता. मी म्हटलं, “बूस्टरची लस राहिली असेल तर देऊन घ्या. पोरगा धडधाकट आहे. दवाखान्याचं आता त्याचं काही काम नाही.”

काकी फुटपाथवर बसली. पदर तोंडाला लावून बसून राहिली. नंतर म्हणाली, “आता तिला सांगू का? मना ठाव हाय म्हनून?”

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“ती माज्यामुलं म्हायेरी रात नाय,” काकी म्हणाली. “दिवालीला आयली आन दोन दिसांत पलाली. माज्या समोर गोली घेता येत नाय ना. मी आयली का डबा लपवते. तिची आय मना विचारते, काय गो, तुमच्यात भांडान झाला का? मी सांगला तर पोर मोकली होईल.”

मी म्हटलं, “नका सांगू. कोणाला तरी कळलंय म्हटल्यावर ती आणखी घाबरेल. गोळ्याच सोडायची.”

काकीने मान हलवली. तिला वाटलं, ही या कामातली जुनी बाई, हिला कळत असेल. ती उठली, साडी झटकली आणि गेली.

मी दिलेलं कारण खोटं नव्हतं. असं होतं, मी पाहिलंय. पण त्या वेळी माझ्या मनात ते नव्हतं. काकीने सांगितलं असतं तर पोरीला कळलं असतं, की बाळंतपणाच्या खाटेजवळ मी तिला खोटं बोलले आणि मुळात माझ्या येण्यानेच काकीला कळलं. आणि मी का धावत आले, हा प्रश्न पुढे आला असता. मग पिवळी ओळ पुढे आली असती. मी घाबरले.

आता मी काम सोडलंय. भाजीला उल्हासनगरच्या बाजारात जाते तेव्हा पोर कधीकधी भेटते. मुलगा हात सोडून पळतो, ती त्याच्या मागे धावते, धरून आणते. तब्येत चांगली आहे, गोळी एक दिवस चुकत नाही म्हणते. मग इकडेतिकडे बघते, जवळ येते आणि दर वेळी तेच विचारते, “मावशी, काकीला काही कळलं नाही ना?”

परवाही विचारलं. मी नाही म्हटलं.